'मुटर' : रामश्टाइनच्या तिसऱ्या अल्बमची वाटचाल

इंडस्ट्रियल मेटल संगीताच्या इतिहासात रामश्टाइन या जर्मन बँडचा 'मुटर' (आई) हा अल्बम मानाच्या स्थानी आहे. २ एप्रिल २००१ रोजी तो प्रसिद्ध झाला. त्याची पायाभरणी मात्र सात वर्षे आधी बर्लिनमध्ये झाली होती.

१९९४ मध्ये पूर्व जर्मनीत वाढलेले सहा जण एकत्र आले: गायक टिल लिंडेमान, गिटारवादक रिशार्ड क्रुस्पे आणि पॉल लांडर्स, बेसवादक ओलिव्हर रीडेल, ड्रमवादक क्रिस्टोफ श्नायडर आणि कीबोर्ड सांभाळणारा क्रिस्टियान लोरेन्झ ऊर्फ फ्लाके. लिंडेमान तरुणपणी स्पर्धात्मक जलतरणपटू होता, पुढे त्याने टोपल्या विणण्याचे काम केले. लांडर्स आणि फ्लाके पंक बँडमधून आले होते. बर्लिनमधील नवोदित बँडची एक स्पर्धा जिंकल्यावर त्यांना स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्याची संधी मिळाली. पहिला अल्बम १९९५ मध्ये आला, तर १९९७ च्या 'झेनझुख्ट'ने जर्मन भाषेतील गाणी अमेरिकेतही पोहोचवली. इंग्रजीचा फारसा आधार न घेता मिळवलेले हे यश मोठेच म्हणावे लागेल.

यशाबरोबर कसोटीही आली. १९९८ मध्ये 'स्ट्रिप्ड' गाण्याच्या चित्रफितीत नाझी राजवटीसाठी चित्रपट बनवणाऱ्या दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल यांच्या ऑलिंपिकपटातील दृश्ये वापरल्याने बँडवर उजव्या विचारांचा शिक्का बसला. तिसऱ्या अल्बमची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा आतही तणाव होता. क्रुस्पेची संगीतावरील पकड इतरांना जाचू लागली आणि बँड फुटण्याच्या उंबरठ्यावर आला. सदस्यांनी पुढे हे मोकळेपणाने मान्य केले आहे.

तरीही काम थांबले नाही. २००० च्या मे-जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधील मिराव्हाल स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. पियानोवादक जाक लूसिए यांनी उभारलेल्या या स्टुडिओत पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चाही काही भाग ध्वनिमुद्रित झाला होता. निर्मितीची धुरा पहिल्या दोन अल्बमप्रमाणेच स्वीडनच्या याकोब हेलनर यांनी वाहिली, मिक्सिंग श्टेफान ग्लाउमान यांनी केले. ओल्सेन इन्वोल्तिनी यांनी तंतुवाद्यांची रचना बांधली आणि बाबेल्सबर्गच्या चित्रपट वाद्यवृंदाने ती वाजवली. या अल्बमचे वेगळेपण इथेच आहे. आधीच्या दोन अल्बममध्ये यंत्राच्या ठोक्यासारखी चाल प्रमुख होती. इथे त्या ठोक्यावर व्हायोलिनचे भव्य, शोकाकुल सूर चढले. 'माइन हेर्त्स ब्रेंट' या पहिल्याच गाण्यात पूर्व जर्मन मुलांच्या झोपेआधीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची आठवण आहे आणि हळूहळू तिचे दुःस्वप्न होते. शीर्षकगीतात आईविना जन्मलेल्या मुलाची वेदना आहे. इतके कोवळे दुःख इतक्या जड गिटारांखाली रामश्टाइनने आधी कधी मांडले नव्हते.

'झोने' हे गाणे मुष्टियोद्धा व्हिताली क्लिच्को याच्या रिंगणप्रवेशासाठी म्हणून सुरू झाले आणि अखेर अल्बमचे पहिले एकल गीत ठरले. त्याच्या चित्रफितीत स्नोव्हाइट आणि खाणीत राबणारे बुटके आहेत. 'लिंक्स २ ३ ४' हे उजवेपणाच्या आरोपाला दिलेले थेट उत्तर होते: हृदय डावीकडेच असते, असे बँडने ठणकावून सांगितले.

अल्बम जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये अव्वल ठरला. २००२ मध्ये 'ट्रिपल एक्स' या हॉलिवूडपटात बँडने 'फॉयर फ्राय' सादर केले. क्रुस्पेने पुढे एमिग्रेट हा स्वतःचा बँड काढला, पण रामश्टाइन सोडले नाही. २०१९ पासूनच्या स्टेडियम दौऱ्यातही 'मुटर'मधील गाणी वाजत राहिली, आणि २०२२ च्या 'त्साइट' या आठव्या अल्बमवरही १९९४ मधील तीच सहा नावे आहेत.