पेन्सिलीतली माती

पेन्सिल एचबी आहे की ६बी, हे ग्राफाइटपेक्षा त्यात मिसळलेली माती ठरवते. या कुळकथेत मानाचं पान मातीलाच द्यायला हवं.

सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात इतकं शुद्ध ग्राफाइट सापडलं, की करवतीनं कांड्या कापायच्या, लाकडात बसवायच्या आणि लिहायला लागायचं. मात्र रेघ कडक हवी की मऊ, हे मागायची सोय नव्हती. खाणीतून जसा दगड निघेल तशी रेघ.

१७९३मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध पेटलं आणि फ्रान्समध्ये येणारा हा माल बंद झाला. तेव्हा पर्याय शोधायचं काम निकोला-जाक काँते या चित्रकार-अभियंत्याकडे आलं. त्यानं हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड केली, ती ओल्या चिकणमातीत मळली, कांड्या पाडल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५मध्ये त्याला पेटंट मिळालं. नड भागवायला निघालेल्या काँतेच्या हाती अस्सल बॉरोडेलच्या कांडीतही नसलेली गोष्ट लागली. माती वाढवली की कांडी कडक आणि रेघ फिकी. माती कमी केली की कांडी मऊ आणि रेघ काळीभोर. आता हवी तशी रेघ ठरवून बनवता येऊ लागली.

कडक-मऊ प्रती ओळखायला काँतेनं आकडे वापरले. अक्षरं पुढे इंग्लंडमध्ये रुळली: एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक. आधी बीबी, बीबीबी अशी अक्षरंच वाढवत. २बी, ३बी नंतरचे. ऑस्ट्रियाच्या हार्टमुट कंपनीनं १८९०च्या सुमारास तब्बल सतरा प्रतींची पिवळी पेन्सिल काढली आणि तिला नाव दिलं कोहिनूर. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही कार्बनच, त्यामुळे हे नाव मला फार समर्पक वाटतं.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगला २एच लागते, कारण तिचं टोक लवकर झिजत नाही आणि रेघ बारीक राहते. पण हात जड पडला तर कागदावर चरा उमटतो. रेघ खोडली तरी चरा राहतो, आणि त्यावरून छटा फिरवली की पांढरी शीर उठून दिसते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी म्हणून कच्चं रेखाटन एचबीनं, तेही हलक्या हातानं करावं. छायेसाठी २बी, ४बी. ६बीनं गडद छाया झटकन भरते. पण तळहात घासला की चित्र माखतं, आणि दाबून भरलेला भाग उजेडात चकाकतो. ग्राफाइटचे पापुद्रे कागदावर सपाट बसतात, त्याची ती चमक. मिट्ट काळोख हवा असेल तर कोळसाच घ्यावा.

आणि संच शक्यतो एकाच कंपनीचा असावा. मातीचं प्रमाण ज्याचं त्याचं असतं. एकाची २बी दुसऱ्याच्या बीइतकीच काळी निघू शकते.