वंदा, वृक्षादनी आणि तात्यापारा

'तात्यापारा' हे रायपुरातील वस्तीचे नाव मोठे बोलके आहे. त्यातला 'तात्या' मराठी, तर 'पारा' छत्तीसगढी. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपुरास राज्य करू लागले. १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रायपुरास आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण मराठी माणसे राहिली. परप्रांतात असे राहणाऱ्यांना बांडगुळाची उपमा देण्याची चाल जुनी आहे. ती कितपत न्याय्य आहे?

अमरकोशात 'वृक्षादनी' म्हणजे झाड खाणारी, आणि 'वृक्षरुहा' म्हणजे झाडावर वाढणारी, हे दोन्ही शब्द 'वंदा'चे पर्याय म्हणून एकत्र आले आहेत. विल्यम जोन्सने १७९५ मध्ये तोच 'वंदा' शब्द एका आमराच्या कुलाला दिला. वस्तुतः बांडगूळ झाडाच्या सालीत शिरून त्याचा रस शोषते. आमर फांदीचा केवळ आधार घेते आणि लोंबत्या मुळांनी पाऊस व दव टिपते.

पाश्चात्यांचाही असाच घोटाळा झाला. टिलँड्‌झ नावाचा एक पंडित समुद्रप्रवासाला इतका त्रासला की पुढे तो खुष्कीच्या मार्गानेच फिरला, अशी कथा आहे. अमेरिकेतील एका वायुवनस्पतीला पाण्याचे वावडे असावे, असे समजून लिनीअसने तिला 'टिलँड्‌सिया' हे त्याचे नाव दिले. प्रत्यक्षात तिच्या पानांवरील सूक्ष्म खवले पाणीच शोषतात. 'हवेवर जगते' या समजुतीने घरोघरी टांगलेली ही रोपे म्हणूनच तहानेने वाळतात. उलट, गेल्या शतकापूर्वी इंग्रजांनी आमरे कोंदट, तापलेल्या काचघरांत ठेवून मारली. पॅक्स्टनने चॅट्सवर्थ येथे खेळती हवा देऊन ती जगविली.

रायपूरच्या वैशाखात घरात वायुवनस्पती ठेवावयाची, तर तिला माती नको. आठवड्यातून एक-दोनदा पाण्यात बुडवून, उलटी झटकून, उजेडाच्या पण लू न लागणाऱ्या खिडकीशी ठेवावी. पोटात पाणी साचले की ती कुजते.

उपमा द्यावयाचीच, तर ती आमराची द्यावी. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत आणले. ज्या झाडाने आधार दिला, त्याच्या रसावर न जगता त्याच्याच फांदीवर त्यांनी फूल उमलविले. मात्र आमरालाही स्वतःचे पाणी स्वतःच टिपावे लागते. आपली भाषा राखण्याचे काम तात्यापाऱ्याकरिता दुसरे कोणी करणार नाही.