जात्यावरचा इतिहास आणि संगणकाचा रकाना

दलितांच्या इतिहासाला कागद मिळाला नाही, म्हणून तो घडलाच नाही, असे प्रस्थापित विद्वत्तेने गृहीत धरले. पदव्युत्तर संशोधनात मी संगणकाकडे वळलो, तो या गृहीतकाला उत्तर देण्यासाठी.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्या संगणकावर नोंदल्या गेल्या. हा साठा एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. समाजाने ज्यांच्या हाती लेखणी दिली नाही, त्यांनी जात्याच्या खुंट्याला हात घालून चळवळीची बखर रचली.

येथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. लोकसाहित्याच्या पुष्कळ संग्रहांत ओवी उरली, गाणारी गळाली.

पण यंत्र अर्थ लावीत नाही. बाबासाहेबांवरची ओवी नुसत्या 'भक्ती'च्या रकान्यात घातली, की 'चळवळ' शोधणाऱ्याला ती सापडत नाही. तिच्यातला विद्रोह पुन्हा गाडला जातो. म्हणून रकाना कोण आखतो, हा प्रश्न तांत्रिक नसून सामाजिक आहे. तो आखण्याचा अधिकार आपल्या विद्यार्थ्यांनी घेतला पाहिजे. आणि लावलेला अर्थ वस्तीत, त्या बायांपुढे बसून, तपासून घेतला पाहिजे.