विलायतेतील समुद्रकाठ : कोणते गाव निवडावे?



आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांचे चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनला असतात. ह्या उन्हाळ्यात आईवडिलांनी तिकडे यावे असा त्यांचा आग्रह पडला आणि लंडन पाहून झाल्यावर चार दिवस समुद्रकाठच्या एखाद्या गावी काढावेत असा बेतही ठरला. गाव कोणते, हे मात्र काही केल्या ठरेना. नकाशा पसरला गेला, नावे पुढे आली, घरातल्या प्रत्येकाचे मत निराळे पडले. शेवटी “तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, तुम्हीच काय ते सांगा,” म्हणून तो प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन पडला. त्यांना मी जे सांगितले, तेच आज आपणांसमोर थोड्या विस्ताराने मांडणार आहे.

पहिली गोष्ट ही की, निव्वळ समुद्रासाठी जायचे असेल तर इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपले छत्रपती संभाजीनगर डोंगरांच्या कुशीत वसलेले. समुद्र येथून दिसत नाही हे खरे. परंतु मुरूड, हर्णे, गुहागर ही गावे आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. तेथील वाळू मऊ, पाणी कोमट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र बहुतेक ठिकाणी वाळूऐवजी गोटेच गोटे, आणि भर उन्हाळ्यातही पाय बुडवताच अंगावर शहारा यावा असे इंग्लिश खाडीचे पाणी. तेव्हा तेथील गाव निवडताना केवळ पाण्याकडे पाहून चालणार नाही; काठाकडे, म्हणजे त्या काठावर काय काय घडून गेले त्याकडे, पाहिले पाहिजे.

खुद्द इंग्रजांनाही समुद्रकाठी जाऊन विश्रांती घेण्याचा नाद फार जुना नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्र म्हणजे कोळ्यांचा व खलाशांचा प्रांत. तो पालटला वैद्यांनी! डॉक्टर रिचर्ड रसेल ह्यांनी १७५० मध्ये लॅटिन भाषेत एक ग्रंथ लिहून गाठींच्या विकारावर समुद्राचे पाणी हा उपाय सांगितला. त्या पाण्यात स्नान करावे, इतकेच नव्हे तर ते प्यावेही, असे त्यांचे म्हणणे. मग श्रीमंत रोगी किनाऱ्याकडे लोटले. स्त्रियांची मर्यादा राखण्यासाठी चाकांवरच्या लाकडी खोल्या निघाल्या. आत वस्त्रे बदलावीत, घोड्याने ती खोली पाण्यात ओढून न्यावी आणि पायऱ्यांवरून हळूच समुद्रात उतरावे, असा प्रकार. पुढे आगगाडी आली, १८७१ च्या कायद्याने बँकांना सुट्ट्या मिळाल्या, आणि श्रीमंतांचे औषध सामान्यांची मौज होऊन बसले.

ह्यामुळे तेथील प्रत्येक गावाला आपापला स्वभाव आला आहे. स्कारबरो औषधी झऱ्यामुळे नावारूपास आले. बोर्नमथने पाइनच्या झाडीमुळे क्षयरोग्यांना आकर्षून घेतले. ब्लॅकपूल हे लँकेशायरच्या गिरणीकामगारांचे. १८९४ मध्ये उभारलेला तेथील उंच मनोरा त्यांच्या सुट्टीची खूणच होय. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस तुटला, तेव्हा ह्याच लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे धाव घेतली होती. तेव्हा ब्लॅकपूलही आपणांस अगदीच परके नाही. तथापि माझे मत ब्राइटनला. लंडनहून दक्षिणेस सुमारे पन्नास मैलांवर, आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, हे गाव आहे. तेथे आपल्या इतिहासाचे जितके धागे एकत्र आले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही इंग्रजी किनाऱ्यावर आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ब्राइटनला उतरून समुद्राकडे चालू लागले की वाटेत एक चमत्कारिक वास्तू लागते. कांद्याच्या आकाराचे घुमट, बारीक मिनार, जाळीदार कमानी! आपल्या शहरातून गेलेल्या माणसाला तेथे थबकून बीबी-का-मकबऱ्याची आठवण व्हावी, हे अगदी स्वाभाविक. हाच तो ‘रॉयल पॅव्हिलियन’. प्रिन्स ऑफ वेल्स जॉर्ज, जो पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर बसला, तो १७८३ मध्ये प्रथम येथे आला आणि ह्या गावाच्या मोहात पडला. १८१५ पासून पुढील सात-आठ वर्षांत जॉन नॅश ह्या स्थपतीने त्याच्या विलासगृहाला हे हिंदी रूप दिले.

मकबऱ्यात आणि ह्या प्रासादात आणखीही एक साम्य आहे. आपल्या मकबऱ्याला ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवण्याची लोकांना सवय. संगमरवर थोडा आणि गिलावा फार, हा त्याच्यावरचा आक्षेप. पॅव्हिलियनही अस्सल नव्हे, नक्कलच. त्याच्या घुमटाखाली लोखंडाचा सांगाडा आणि वर गिलावा आहे. पण नक्कल करणारा कशाची नक्कल करतो, ह्यावरून त्याचे मन कशावर जडले होते ते कळते. विलायतेच्या भावी राजाला आपल्या सुखाच्या घरासाठी हिंदुस्थानचेच रूप हवेसे वाटले, ते का?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेलो तर आपण थेट वेरूळला येऊन पोहोचतो. पेशव्यांच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यास राहिला आणि त्याने आपल्या वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. पुण्याच्या तांबट घराण्यातला गंगाराम हाही मॅलेटच्या पदरी होता. ह्या मराठी कलावंतानेही तीच लेणी रेखाटली. वेल्स १७९५ मध्ये ज्वराने वारला. त्याची रेखाटने टॉमस डॅनियल ह्या चित्रकाराच्या हाती आली व त्याने ती चोवीस चित्रांच्या रूपाने १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. डॅनियल व त्याचा पुतण्या ह्यांनी सात वर्षे हिंदुस्थानभर हिंडून काढलेल्या चित्रांच्या मोठ्या मालिकेत वेरूळचाही असा समावेश झाला. ह्याच डॅनियलच्या सल्ल्याने ग्लॉस्टरशायर परगण्यात सेझिंकट येथे एका धनिकाने हिंदी धर्तीचा वाडा बांधला. त्याच्या बागेतील पुलाचे खांब घारापुरीच्या लेण्यांतील खांबांच्या वळणाचे असून वर नंदी बसवले आहेत. तो वाडा राजपुत्राने पाहिला आणि ब्राइटनचा बेत पक्का होत गेला. पॅव्हिलियनच्या घुमटांत वेरूळ दिसत नाही. ते घुमट मोगली धाटणीचे आहेत. परंतु ज्या कुतूहलातून ते उभे राहिले, त्या कुतूहलाला पोसणाऱ्या चित्रांत आपले कैलास लेणे होते, हे विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू. वेरूळची चित्रे लंडनला छापली गेली ते साल १८०३. त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरला, वेरूळहून फार दूर नाही अशा असईच्या रणात, वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. एका हाताने आपले सौंदर्य टिपून घ्यावे आणि दुसऱ्या हाताने आपले राज्य! पॅव्हिलियनसमोर उभे राहिले असता हे दोन्ही हात ज्याला एकदम दिसतील, त्यानेच ते खरे पाहिले असे मी म्हणेन.

केवळ चित्रेच तेथे गेली असे नव्हे, माणसेही गेली. पाटण्यास जन्मलेला शेख दीन महंमद हा गृहस्थ प्रथम आयर्लंडात राहिला. तेथे त्याने १७९४ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. पुढे लंडनला हिंदी पद्धतीचे उपाहारगृह काढून पाहिले, ते चालले नाही. मग १८१४ च्या सुमारास तो ब्राइटनला आला आणि वाफेचे स्नान व अंगमर्दन ह्यांचा व्यवसाय त्याने मांडला. आपण ज्याला चंपी म्हणतो तीच ही विद्या. ‘शाम्पू’ हा शब्द तिच्यातूनच इंग्रजीत गेला. रसेलने रोग्यांना थंडगार समुद्रात बुडवले, तर ह्या पाटणेकराने त्यांना ऊब दिली! चौथा जॉर्ज व चौथा विल्यम ह्या दोन्ही राजांनी त्याची नेमणूक केली होती. १८५१ मध्ये तो ब्राइटनलाच निवर्तला आणि त्याची समाधीही तेथेच आहे.

ह्यानंतरचा धागा मात्र काळजाला पीळ पाडणारा आहे. १९०९ साली विनायक दामोदर सावरकर लंडनला कायद्याचा अभ्यास करीत होते. त्या जूनमध्ये त्यांचे वडील बंधू बाबाराव ह्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये मदनलाल धिंग्रा फाशी गेले. परतीची वाट बंद झालेला हा तरुण डिसेंबरात ब्राइटनला होता. ह्याच किनाऱ्यावर त्याला सागराला उद्देशून ती कविता स्फुरली. ती येथे म्हणून दाखवण्याची गरज नाही; मंगेशकर भावंडांच्या कंठातून ती आपल्या घराघरांत पोहोचली आहे. पण ज्या पाण्याला त्याने मायभूमीचा मार्ग विचारला ते हे पाणी, ज्यावर उभे राहून विचारला ते हे गोटे, एवढे ध्यानात घेऊन तेथे क्षणभर उभे राहावे.

आणि त्याच डिसेंबरच्या २१ तारखेला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा अनंत कान्हेरे हा कोवळ्या वयाचा विद्यार्थी. इंग्रजी शिक्षणासाठी आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, येऊन राहिलेला. मारला गेलेला जॅक्सन संस्कृतचा व्यासंगी म्हणून प्रसिद्ध होता. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेऱ्याला ठाण्यास फाशी झाली. सावरकर त्याच्या आधीच, मार्चमध्ये, लंडनला पकडले गेले होते. सागराने त्यांना परत आणले खरे, पण कैदी म्हणून. ब्राइटनचा किनारा आणि आपल्या शहराच्या गल्ल्या एकाच महिन्याच्या इतिहासात अशा जोडल्या गेल्या आहेत.

पाचच वर्षांनी, १९१४ च्या डिसेंबरात, त्याच रॉयल पॅव्हिलियनमध्ये फ्रान्सच्या रणांगणावरून जखमी हिंदी सैनिक आणले गेले. राजाच्या मेजवान्यांच्या व नाचगाण्याच्या दालनांत सातशेहून अधिक खाटा मांडल्या गेल्या. निरनिराळ्या धर्मांसाठी व जातींसाठी स्वयंपाकघरे वेगळी केली गेली. घुमटाखाली पहुडलेल्या सैनिकांची चित्रे टपालकार्डांवर छापून सरकारने आपल्या औदार्याची जाहिरातही केली. मात्र गावातील दुसऱ्या एका हिंदी रुग्णालयाभोवती काटेरी तारा होत्या आणि रुग्णांच्या बाहेर पडण्यावर कडक निर्बंध होते. आपल्या शहरातील छावणी ज्या हैदराबाद कंटिंजंटची, त्याच कंटिंजंटमधून घडलेले डेक्कन हॉर्सचे घोडदळही त्या युद्धात फ्रान्सला होते. ज्या छावणीत १८५७ च्या जूनमध्ये स्वारांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले, तिच्याच परंपरेतले स्वार आता इंग्रजांसाठी परक्या चिखलात लढत होते. इतिहासाची ही विचित्र वळणे!

जे सैनिक ब्राइटनला दगावले, त्यांतील हिंदू व शीख ह्यांचे दहन गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले. अशा त्रेपन्न चिता तेथे पेटल्या. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारून १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. तिचा आराखडा हेन्रिक्स ह्या हिंदी स्थपतीचा. छत्री उभी राहिली, पण तिच्यावर मृतांची नावे नव्हती. ती त्रेपन्न नावे शेजारच्या शिळेवर कोरली जाण्यास २०१० साल उजाडावे लागले. जवळजवळ नव्वद वर्षे ती माणसे तेथे केवळ ‘हिंदी सैनिक’ होती.

छत्री हा शब्द आपल्या घरातला आहे. राजपुरुषांच्या, वीरांच्या दहनभूमीवर आपण छत्र्या बांधतो. इंग्लंडच्या हिरव्या टेकडीवर, जेथून दूरवर समुद्र दिसतो, तेथे आपली एक छत्री उभी आहे, हे ब्राइटनला जाणाऱ्या किती मराठी कुटुंबांना ठाऊक असते? मोटारीचा रस्ता तिच्यापर्यंत जात नाही. कुरणातून पायवाटेने चालत जावे लागते.

शेजाऱ्यांना मी सांगितले ते एवढेच. ब्राइटनला जा. पॅव्हिलियन पाहा, किनाऱ्यावर बसा, मुलांना गोटे वेचू द्या. मौज करण्यात कमीपणा नाही, त्यासाठीच तर सुट्टी. पण एक सकाळ त्या टेकडीसाठी राखून ठेवा. आणि निघण्यापूर्वी एकदा वेरूळला व मकबऱ्याला जाऊन या. किती वर्षांत गेला नसाल! येथले नीट पाहिले असेल, तरच तिथले ओळखू येईल.

त्यांच्या घरी आता ब्राइटनचे ठरले आहे. सौभाग्यवतींनी मात्र हळूच विचारले, “त्या छत्रीपाशी फुले वाहिली तर चालतील ना?” मी म्हणालो, “अवश्य वाहा. आणि वाहताना त्या शिळेवरची नावे एकेक करून वाचा.”