तळटीप : मुंबई–लंडन हवाई अंतर

मुंबई ते लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर बृहद्‌वृत्तावरचे, म्हणजे पृथ्वीगोलावरील दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड कमानीचे असून, प्रत्यक्ष उड्डाणमार्ग हवाई हद्दींच्या बंधनांमुळे त्याहून लांबतो. ८ जून १९४८ रोजी निघालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ला कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले, आता विनाथांबा विमानाला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी भरतो, कारण उंचावरून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजेच जेट प्रवाह, विमानाला मागून रेटतो. वेळापत्रकातील वेळा स्थानिक असल्याने, उन्हाळ्यातील साडेचार व हिवाळ्यातील साडेपाच तासांचा फरक विसरून केलेली वजाबाकी (प्रवासवर्णनांत ती वारंवार आढळते) फसवी ठरते.