उंदीर न मारता पाहणे : प्रयोगशाळेतल्या प्रतिमांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं उंदरांशी काय काम? सांगतो.

औषधानं शरीराच्या आतली गाठ कशी बदलते हे पाहायचं, तर पूर्वी ठरलेली पद्धत होती. उंदीर मारायचा आणि कापून पाहायचा. समजा, पाच वेगवेगळ्या दिवशी पाहायचं आहे आणि दर वेळी आठ उंदीर लागतात. म्हणजे ४० उंदीर गेले. एवढं करून हाती काय, तर ४० जिवांचा प्रत्येकी एकेक क्षण. पहिल्या दिवशी मारलेला उंदीर दहाव्या दिवशी कसा असता, हे कधीच कळायचं नाही. मधली रेघ आपण सरासरीनं ओढायची.

१९५९ साली इंग्लंडमध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली : प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. पण मारल्याशिवाय आत डोकवायचं कसं? साध्या क्ष-किरणांत हाडं दिसत, मऊ अवयव नीट दिसत नसत.

१९७३ मध्ये अमेरिकेत पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादातून पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा मिळवली. पुढच्याच वर्षी त्यांनी जिवंत उंदराच्या छातीची प्रतिमा प्रसिद्ध केली. त्याच १९७४ मध्ये स्कॉटलंडला, ॲबर्डीनमध्ये, जॉन मॅलार्ड यांच्या गटानंही उंदराची प्रतिमा घेतली. तो उंदीर मात्र मान मोडून नुकताच मारलेला होता, आणि मानेची ती इजा चित्रात उमटली होती!

मग १९९५ साली स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर कॉन्टॅग आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलाचे जंतूच उजेड देणारे केले. उंदराला भूल द्यायची, अंधारात अतिशय संवेदनशील कॅमेऱ्याखाली ठेवायचं, की त्वचेतून संसर्ग कुठे आहे ते दिसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उंदीर पाहायचा.

‘तोच’ हा शब्द महत्त्वाचा. आता प्रश्न ‘उंदरांचं काय होतं’ एवढाच राहिला नाही. ‘या उंदराचं काय झालं’ असाही विचारता येऊ लागला. तुलना त्याची त्याच्याशीच. चाळिसांच्या जागी कदाचित आठ पुरतात.

आता माझी कबुली. भारतात १९९८ च्या नियमांनुसार प्राणिप्रयोग करणाऱ्या संस्थांना नैतिकता समिती नेमावी लागते. अशाच एका समितीवर मी काही वर्षं होतो. ‘प्रतिमा घेणार, म्हणून उंदीर कमी लागतील’ असं वाचलं, की मी खुशीनं सही करायचो. एकदा एका तरुण पशुवैद्यानं विचारलं, “सर, प्रत्येक उंदराला भूल किती वेळा?” मी ते विचारलंच नव्हतं. भूल दिलेला एवढासा जीव लवकर गार पडतो, त्याला ऊब द्यावी लागते, हेही मला तेव्हा कळलं.

म्हणजे बघा, संख्या कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याचा भार वाढू शकतो. हिशोब दोन्हीकडून मांडावा लागतो. ज्याला आपण ‘तोच’ म्हणून ओळखतो, त्याच्याबद्दलची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.