सडकेवरचा मैलकुली

पुणे शहराच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात नांदे नावाचे एक गाव आहे. चांदे, सूस, म्हाळुंगे, लवळे ही त्याची शेजारची गावे. मुळा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख. ताम्हिणीच्या माथ्यावर कोसळणारा सह्याद्रीचा पाऊस पुण्याकडे येता येता झपाट्याने उणावतो. पण नांद्यापर्यंत येताना त्याचा जोर अगदीच ओसरलेला नसतो. उतारावरून ओढे-ओहोळ धावतात, भाताची खाचरे भरून वाहतात, आणि ते सारे पाणी नदीकडे जावयास निघते. वाटेत त्याला रस्ता आडवा येतो. अशा मुलखात रस्ता बांधणे हे काही मोठेसे अवघड काम नव्हे. बांधलेला रस्ता राखणे हे अवघड.

रस्ता कोणी बांधला, कोणत्या साली बांधला, त्याचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, हे कोनशिलेवर कोरलेले असते. तो कोणी राखला, हे मात्र कोठेही कोरलेले आढळत नाही. बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट दाखविणाऱ्या एका धनगराची कथा त्याच्याशी जोडलेली आहे, आणि जाणारे-येणारे तेथे हात जोडतात. वाट दाखविणाऱ्याला निदान लोककथेने तरी जागा दिली. वाट राखणाऱ्याला तेवढीही मिळाली नाही. सरकारी दप्तरात त्याला मैलकुली अथवा मैलमजूर म्हणत. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

आपल्याकडे चांगला रस्ता ही नेहमीच इष्ट वस्तू मानली जात असे, असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाचे मार्ग सुगम असू नयेत, असल्यास ते मोडून बिकट करावेत, झाडी वाढवावी, अशा आशयाचा उपदेश आहे. ज्या राज्याचे सामर्थ्य डोंगरात होते, त्याच्या दृष्टीने सोपी वाट म्हणजे शत्रूस दिलेले आमंत्रणच. माल जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. बैलाला पाऊलवाट पुरते, आणि पाऊलवाटेला राखणदार लागत नाही. तोफांचे गाडे आणि टपालाचे टांगे आले तेव्हा चाकाला लागणारी सडक आली. बोरघाटातून चाकाची वाहने जातील असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दीत, १८३० साली खुला झाला. पुढे १८५४ च्या सुमारास लॉर्ड डलहौसीने सार्वजनिक बांधकामाचे खाते उभे केले, आणि त्याच साली पुण्यास ह्या खात्याकरिता हाताखालचे अधिकारी तयार करणारा वर्ग निघाला. आजचे अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच. मोजणारा, आखणारा, देखरेख करणारा ह्यांच्यासाठी शाळा निघाली; फावडे चालविणाऱ्याची विद्या मात्र बापाकडून मुलाकडे आणि मुकादमाकडून गड्याकडे, तोंडीच चालत राहिली.

ती विद्या काय होती, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण हे काम म्हणजे केवळ अंगमेहनत असा सुशिक्षितांचा समज असतो. जॉन लाउडन मॅकॅडम ह्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्याचे जे शास्त्र मांडले, त्याचा गाभा एवढाच की, ओझे दगड वाहत नाहीत, खालची जमीन वाहते, आणि ती कोरडी असेल तरच वाहते. म्हणून सहा औंसांहून, म्हणजे आपल्या सुमारे पंधरा तोळ्यांहून, जड दगड वापरावयाचा नाही. फोडलेल्या खडीच्या धारदार कडा एकमेकींत अडकून बसतात आणि वरून एक प्रकारचे छप्पर तयार होते. गोटा गोल असेल तर तो चाकाखाली फिरतो, बसत नाही. आपल्याकडे काळ्या फत्तराची खडी, तिच्यावर मुरूम, त्यावर पाणी आणि मग रूळ, अशी ही सडक होई. रस्त्याची पाठ कासवाच्या पाठीसारखी मध्ये उंच, दोहो बाजूंस उतरती. बाजूला साइडपट्टी, तिच्या पलीकडे गटार, आणि ओहोळ असेल तेथे मोरी. हे एक घरच म्हणा ना! छप्पर आहे, पन्हळी आहेत, मोऱ्या आहेत. आणि जुन्या घराचे जे होते तेच रस्त्याचे होते: पाणी मुरले की संपले.

मैलकुलीचे वर्ष पंचांगाप्रमाणे नव्हे, पावसाप्रमाणे चाले. रोहिणी नक्षत्राच्या आधी गटारे उपसावयाची, मोऱ्यांच्या तोंडातला पालापाचोळा आणि गाळ काढावयाचा, साइडपट्टीवरचे गवत कापून तिचा उतार पुन्हा नीट करावयाचा. साइडपट्टी रस्त्यापेक्षा बोटभर जरी उंच झाली, तरी पाणी रस्त्यावरच थांबते. पाऊस सुरू झाला की खांद्यावर फावडे आणि डोक्यावर इरले घेऊन आपल्या हद्दीत फिरावयाचे. पाण्याने कोठे नवी वाट काढली आहे, कोणती मोरी तुंबली आहे, कोठे झाड किंवा दरड कोसळली आहे, हे पाहावयाचे. पाणी कोठे साचते हे भर पावसातच कळते. उन्हाळ्यात रस्ता तपासावयास येणाऱ्या साहेबाला ते कसे दिसावे? दिवाळीच्या पुढेमागे खड्डे बुजविण्याचे काम. मैलाच्या दगडांना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे. उन्हाळ्यात नव्या लावलेल्या झाडांना पाणी.

खड्डा भरणे हीही एक कला आहे. डांबरी रस्त्यास आधी बारीक चीर पडते. तिच्यातून पाणी खाली जाते, तळ मऊ होतो, आणि जाणारे प्रत्येक चाक ते पाणी दाबून त्याच्याबरोबर बारीक माती वर उपसून काढते. म्हणून वरून दिसणारा खड्डा लहान असला तरी आतले दुखणे मोठे असते. जाणता गडी खड्डा भरण्यापूर्वी तो मोठा करतो. टिकाव घेऊन पक्की बाजू लागेपर्यंत कडा चौकोनी आणि उभ्या कापावयाच्या, आतला गाळ आणि पाणी काढून तळ कोरडा करावयाचा, डांबराचा हात द्यावयाचा, मग खडी भरून धुम्मसाने ठोकावयाची, आणि माथा किंचित वर ठेवावयाचा, कारण वाहतुकीने तो खाली बसणारच. ह्यांपैकी एक पायरी गाळली तर पहिल्या मोठ्या सरीला ठिगळ उचकटते. कोरड्या तळाचा आग्रह मॅकॅडमने धरला होता, आणि ज्याने त्याचे नावही ऐकले नव्हते असा गडीही तोच धरीत असे.

आता पैशाची गोष्ट. मी आयुष्यभर शिक्षकी केली, म्हणून ही हकीगत मला विशेष जवळची वाटते. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून बसविण्यात आला. त्या आण्याचे तीन वाटे केले. दोन रस्त्यांना आणि एक शाळांना. म्हणजे खेड्यातला मास्तर आणि सडकेवरचा कुली हे दोघेही शेतकऱ्याच्या एकाच आण्यावर जगले. १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, तेव्हाही शाळा आणि गावरस्ते जोडीनेच त्यांच्याकडे गेले, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हाही ही जोडी फुटली नाही. तरीपण शाळेच्या फळ्यावर मुख्याध्यापकांची नावे साल घालून रंगविलेली असतात. त्याच आण्याच्या दुसऱ्या वाटेकऱ्याचे नाव त्याच्या मैलाच्या दगडावर कोणी लिहिले नाही.

दुष्काळांनी ह्या कामाला आणखी एक करुण अध्याय जोडला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनेतील हजारो शेतकरी कुटुंबे खडी फोडावयास बसली. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी मजुरी कमी करून पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, स्त्रिया व मुले ह्यांस त्याहून कमी, असा दर सुचविला. एवढ्यावर दिवसभर घण चालविणे अशक्य आहे अशी तक्रार पुण्याच्या सार्वजनिक सभेने लावून धरली, आणि १८७७ च्या आरंभी ठिकठिकाणच्या मजुरांनी कामेच सोडून दिली. उपाशी माणसाने मिळते काम टाकून उठावे, ह्यातच त्या मजुरीचे मोल काय होते ते आले. त्याच काळात ज्योतिराव फुले ह्यांनी स्वतः बांधकामाची ठेकेदारी केली होती, आणि बांधकाम खात्यात मजूर कसा नागवला जातो, हे त्यांनी आपल्या पद्यांतून रोखठोक मांडले. ते वाचताना आमच्यासारख्या पांढरपेशांस आजही अवघडल्यासारखे होते, आणि व्हावयास हरकत नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळातही पुन्हा तेच दृश्य दिसले: उन्हात ओळीने बसलेल्या बाया आणि खडीचे ढीग. फरक एवढाच की, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निघाली, आणि काम मागणे हा १९७७ च्या कायद्याने हक्क झाला.

मध्यंतरी मोटार आली होती. बैलगाडीची लोखंडी धाव खडी चिरडून चाकोरी पाडी. मोटारीच्या रबरी धावेने निराळाच उपद्रव केला, तो म्हणजे खडीच्या सांध्यांतला मुरूम ओढून धुळीच्या रूपाने उडवून देणे. ह्या धुळीवर डांबर हा उपाय निघाला. खर्च मोठा होता. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिने देशभराच्या रस्त्यांची प्रतवारी ठरविली: राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हामार्ग आणि शेवटी ग्राममार्ग. शेतीच्या सुपीक प्रदेशातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असे त्या योजनेचे उद्दिष्ट होते. नकाशावर ती योजना भव्य दिसते. परंतु रस्ते वाढतात तितके रस्ता राखणारे हात वाढतात की नाही, हा प्रश्न नकाशा विचारीत नाही.

रस्त्यावरचा माणूस बहुधा रोजंदारीचा. हजेरीपटावर नाव आहे तोवर तो आहे. उद्या नाव नाही, तर तोही नाही. महाराष्ट्रात १९६० ते १९७० ह्या दशकात कालेलकर निवाडा म्हणून ओळखली जाणारी तडजोड झाली, आणि पाच वर्षे सलग काम केलेल्या रोजंदारी मजुरांना रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर घेण्याची वाट मोकळी झाली. हे चार शब्दांचे लांबलचक नाव सरकारी आहे, आणि नियमित असून अस्थायी कसे असावे हे व्याकरणाने सुटणारे कोडे नव्हे. पण त्या कोड्याने पुष्कळ घरांत दर महिन्याचा पगार आणि म्हातारपणची सोय आणली, हे खरे.

पुढे ही माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरेनाशा झाल्या. दुरुस्ती ठेकेदाराकडे गेली. ठेक्याला मी सरसकट नावे ठेवणार नाही. मोठ्या रस्त्याचे नवे काम यंत्राशिवाय आणि ठेक्याशिवाय होत नाही. परंतु ठेक्यात खड्डा मोजता येतो, बुजविता येतो, त्याचे बिल करता येते. न पडलेल्या खड्ड्याचे बिल कसे करणार? मैलकुलीचे बरेचसे काम न पडलेल्या खड्ड्यांचे होते. मे महिन्यात उपसलेले गटार आणि आषाढात मोकळी केलेली मोरी ह्यांची किंमत कोणत्याच मोजपुस्तकात उमटत नव्हती. तो गेल्यावर ती उमटू लागली.

नांद्याकडील मुलखात ही गोष्ट स्पष्ट दिसते. २०२१ साली सूस आणि म्हाळुंगे ही गावे पुणे महानगरपालिकेत गेली. त्या यादीत नांदे नव्हते. शहर मात्र यादीची वाट पाहत थांबत नाही. खाचरांच्या जागी इमारती उठतात, आपल्या फाटकापर्यंत गाडी नीट यावी म्हणून जो तो पुढच्या गटारात मुरूम टाकून ते बुजवितो, आणि मग पहिल्या पावसात रस्ताच ओढा होतो. पूर्वी असे गटार कोणी बुजविले तर ते पाहणारा आणि मुकादमाला सांगणारा एक माणूस रोज त्या रस्त्याने पायी जात असे. चांगला रस्ता हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले. हक्क निश्चित झाला. परंतु आषाढात रोज पायी जाऊन मोरी पाहणारा कोण, हे त्या निर्णयाने कसे ठरावे?

ह्या माणसांचा इतिहास लिहावयाचा तर साधने थोडी आहेत. ज्यांची नोकरी कायम झाली, त्यांची सेवापुस्तके असतील; त्यांत नाव, जन्मतारीख, अंगावरची खूण, सहीच्या जागी पुष्कळदा अंगठा. ज्यांचे सारे आयुष्य रोजंदारीवर गेले, त्यांचे तेवढेही नाही. पण मुळशीसारख्या तालुक्यांच्या गावोगावी असे म्हातारे अद्याप हयात आहेत. कोणती मोरी आधी तुंबते, कोणत्या वळणावर पाझर आहे, कोणत्या वडाखाली रस्ता दरसाल खचतो, हे त्यांना पाठ आहे. नांद्याच्या किंवा शेजारच्या एखाद्या शाळेतील मास्तरांनी आपल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन एका रविवारी त्यांच्याबरोबर रस्त्याने चालावयास पाठवावे आणि ते सांगतील ते उतरून घ्यावे. पावसाळ्याच्या आधी पाठविले तर अधिक बरे, कारण मोऱ्या तेव्हा उघड्या दिसतात.